चिऊचा घसा बरा आहे

श्टुटगार्ट
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबा,


सगळ्यात आधी मोठ्या अक्षरात लिहितो, म्हणजे बाबांचा चष्मा सापडेपर्यंत आई वाचून मोकळी होईल. चिऊचा घसा बरा आहे. सूज नाही, टॉन्सिल्स नाहीत, आवाज बसलेला नाही. ज्येष्ठमध पाठवू नका. नानांना म्हणावं, पलासियाच्या डॉक्टरांची मंगळवारची वेळ रद्द करा. सहा हजार किलोमीटरवरचा घसा त्यांना दुर्बिणीतूनसुद्धा दिसायचा नाही.

झालं एवढंच, की गुरुवारी फोनवर ही सहज म्हणाली, "चिऊच्या आवाजाबद्दल बोलायला शाळेनं बोलावलंय." आणि तेवढ्यात कुकर शिट्टीवर आला म्हणून तिने फोन ठेवला. तिने परत फोन लावेपर्यंत इंदूरला रामबागेत काय काय झालं ते मला चौघांनी चार तऱ्हांनी सांगितलंय. आईने देव पाण्यात घातले. ताईआत्याने गुळण्यांचा काढा सांगितला. बाबांनी "मी म्हणतच होतो, तिथली थंडी पोरीला सोसायची नाही" हे वाक्य, जे ते २०१९ पासून तयार ठेवून होते, अखेर वापरलं. आणि नानांनी गल्लीत सांगून टाकलं. आता शेजारच्या काकूंचा मला निरोप आलाय, की त्यांच्या भाच्यालाही असंच झालं होतं, पण तो वाचला.

फोनवर खुलासा करायचा प्रयत्न मी केला. पण आपल्याकडे फोन स्पीकरवर असतो आणि स्पीकर हे बोलायचं यंत्र आहे, ऐकायचं नव्हे, अशी घरात सर्वांची समजूत. म्हणून हे पत्र. पोस्टाने यायचं तेव्हा येईल, तोवर फोटो काढून पाठवतो. बाबा, मोठ्याने वाचा, पण मनाचं घालू नका. आज जिना झाडायची पाळी आमच्याकडे आहे आणि गॅसवर वरण आहे, त्यामुळे मध्ये मध्ये उठावं लागेल.

तर शाळा. खरं सांगायचं तर मलाही आधी ती तक्रारच वाटली होती. खालच्या मजल्यावरच्या आजींच्या दोन चिठ्ठ्या आधीच येऊन गेल्या होत्या (त्याबद्दल पुढे), तेव्हा प्रकरण शाळेपर्यंत गेलं असणार असं धरून मी माफीची तीन वाक्यं पाठ करून गेलो. समोर गाण्याच्या बाई. इथे आवाजाला 'श्टिमे' म्हणतात आणि 'बरोबर आहे' याला 'श्टिम्ट'. त्यामुळे पहिली पाच मिनिटं बाई चिऊच्या आवाजाबद्दल बोलत होत्या आणि मला वाटत होतं, त्या माझ्या माफीला दुजोरा देतायत. शेवटी त्यांनीच फोन काढून एक रेकॉर्डिंग लावलं.

११ नोव्हेंबरला इथे संत मार्टिनचा दिवस असतो. संध्याकाळी पोरं हातात कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत रस्त्याने निघतात. आपल्या आकाशकंदिलाला काठी लावून फिरायला न्यावं, तसंच. यंदा चिऊचा कंदील मी केला होता आणि तो पहिल्याच वळणावर विझला, म्हणून माझं सगळं लक्ष कंदिलाकडे. रेकॉर्डिंगमध्ये पन्नास-साठ पोरांचा कालवा होता आणि त्या कालव्याच्या वर एक आवाज, सरळ, न हलता, कोणीतरी दोरी ताणून धरावी तसा. बाई म्हणाल्या, "ही तुमची मुलगी."

मी म्हटलं, "नाही हो."

बाई म्हणाल्या, "हीच."

मी म्हटलं, "वर्गात अजून एक भारतीय मूल आहे, तमिळ. ते असेल. त्यांच्यात असतं गाणं." बाईंनी शांतपणे सांगितलं, की तो मुलगा आहे आणि तो त्या दिवशी तापाने घरी होता.

आता सांगा, बापाने काय करावं? छाती फुगवावी? मी चक्क वाद घातला. आमच्या घरी गाणं नाही, असं मी त्यांना पुराव्यानिशी पटवून देत होतो. त्यांनी मग दुसरी हकिकत सांगितली. वर्गातला हीटर गुणगुणतो. इतकी वर्षं गुणगुणतोय, कोणाच्या लक्षात नाही. गेल्या महिन्यात चिऊने हात वर केला आणि म्हणाली, "बाई, हीटर आणि पियानो भांडतायत." बाईंनी मजा म्हणून सूरकाटा आणून तपासलं, तर पियानोची ती एक पट्टी खरंच उतरलेली. सात वर्षांची पोर, जिला डाव्या-उजव्या पायातला बूट अजून ओळखू येत नाही.

घरी येऊन मी हिला सांगितलं, तर ती हसत सुटली. हसणारच. तुमच्या घराण्याचा इतिहास तिला लग्नाच्या पंगतीतच कळलाय. गणपतीच्या आरतीला बाबांच्या हातात गल्लीने एकमताने झांज दिली होती, ती का, हे तिला आत्यानेच सांगितलं होतं. मला शाळेत प्रार्थनेच्या रांगेतून काढून घंटा वाजवायला उभं केलं होतं, आणि आई, तू ते "मुलाची निवड झाली" म्हणून पेढे वाटून साजरं केलं होतंस. नाना तर अमीर खाँसाहेबांना बॉम्बे बाजारात 'अगदी जवळून' ऐकल्याचं सांगतात. कधी, किती, काय गायले, विचारलं की पान लावायला लागतात. ताईआत्या तेवढी प्रवेशिका पूर्ण झालेली, पण ती गायला बसली की आजोबा मंडईत जायला निघायचे हेही आपण सगळे जाणतो.

आणि आता त्याच घरातून काय ऐकतोय मी? शुक्रवारपासून हक्क सांगणाऱ्यांची रांग लागली आहे. आत्या म्हणते, उन्हाळ्यात मीच तिला सारेगम दिला. नाना म्हणतात, घर खाँसाहेबांच्या इंदूरचं आहे, गाणं येणारच. बाबांचं तर ठरलेलं: "अरे भिया, लताबाई कुठं जन्मल्या? सिख मोहल्ल्यात. १९२९ साली. इंदूरचं पाणीच तसं." बाबा, तुम्ही हे पाणी पंच्याहत्तर वर्षं पिताय.

शिवाय लताबाई जन्मल्या इंदूरला हे खरं, पण त्यांचं गाणं सापडलं ते सांगलीत. ती गोष्ट तुम्हीच मला सिख मोहल्ल्यातल्या त्या कापडाच्या दुकानासमोर स्कूटर उभी करून सांगितली होती, तेव्हा विसरला नसाल. मास्टर दीनानाथ एका शिष्याला पूरिया धनाश्री घोटायला सांगून बाहेर गेले होते. तो चुकत होता. चार-पाच वर्षांची लता खेळ सोडून आत आली आणि त्याला म्हणाली, असं नाही, असं. आणि गाऊन दाखवलं. वडील परत येऊन दारातच थांबले होते. मग आत जाऊन लताच्या आईला, माईंना, म्हणाले, घरात गवई बसलाय आणि आपण बाहेरच्यांना शिकवतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता तंबोरा घेऊन तिला समोर बसवलं. त्याआधी ती गायची ती स्वयंपाकघरात, आईच्या मागे मागे, आणि माई म्हणायच्या, डोकं खाऊ नकोस.

हे मी हिला सांगायला गेलो तर तिने वेगळंच टोक पकडलं. "माई कुठल्या?" म्हणाली. मी गप्प. माई थाळनेरच्या, तापीकाठच्या, म्हणजे धुळे जिल्हा, म्हणजे हिचं माहेर. तेव्हा आवाज खानदेशाचा, इंदुराकडे फक्त जन्मदाखला, असा निकाल तिने देऊन टाकला आहे. धुळ्याला तसा फोनही गेला आहे. बाबा, या बाबतीत तुम्ही आणि व्याही काय ते आपसात बघून घ्या. मला इथे जेवायचंय.

वरण उतरवून आलो. आता चिठ्ठ्यांबद्दल.

आई, तू नेहमी विचारतेस, तिकडे इतकं शांत कसं काय असतं. त्याचं उत्तर चार पानांचं आहे आणि ते दर इमारतीच्या जिन्यात लावलेलं असतं. रात्री दहा ते सकाळी सहा आवाज नको. आमच्या घरमालकाच्या नियमांत दुपारी एक ते तीनही नको. रविवारी दिवसभर नको. रविवारी भिंतीत खिळा मारायचा नाही, ड्रिल चालवायचं नाही, रिकाम्या बाटल्या काचेच्या पेटीत टाकायच्या नाहीत, कारण त्या खळ्ळकन पडतात. काचेच्या पेट्या तीन: पांढरी काच, हिरवी काच, तपकिरी काच. लोणच्याची बरणी निळसर असली तर माणसाने काय करायचं याचा विचार मी एकदा थंडीत पंधरा मिनिटं उभा राहून केला आहे. आज तर मृतांच्या स्मरणाचा रविवार, म्हणजे रोजच्या शांततेवर सणाची शांतता. सकाळी मी शिंकलो तर हिने खिडकी लावून घेतली.

अशा देशात रियाज कसा करायचा? दुपारी शाळा सुटून पोर घरी येते ती नेमकी मौनाच्या तासांत. तीनला तास संपतात तेव्हा तिला खेळायचं असतं. गाण्याची लहर येते ती रात्री सव्वानऊला, दात घासताना, आणि आमची नजर घड्याळावर. अमीर खाँसाहेबांनी इथे झूमऱ्यात विलंबित धरला असता, तर समेवर यायच्या आत पोलीस आले असते. कुकरची शिट्टीसुद्धा आम्ही पाचच्या आत आटोपतो. खालच्या आजींनी पहिल्या वर्षी विचारलं होतं, तुमच्याकडे आगगाडी येते का.

पण आपली सून काय कमी आहे? तिने शोधून काढलं, की एका गृहस्थाने ट्रम्पेट वाजवण्यावरून शेजाऱ्याशी भांडण थेट वरच्या कोर्टात नेलं होतं. आउग्सबुर्गचा वादक. २०१८ साली कार्ल्सरूहच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की घरात वाजवणं अजिबात बंद करता येणार नाही. कामाच्या दिवशी साधारण दोन-तीन तास आणि रविवारी-सुट्टीला एक-दोन तास असं धरून चालावं, शांततेचे तास सोडून. विचार करा, इतक्या मोठ्या न्यायाधीशांनी बसून ट्रम्पेटचे तास मोजले. आपल्या गल्लीत लग्नाचा बँड रात्री बारापर्यंत दारात उभा असतो आणि बाबा त्यातल्या क्लॅरिनेटवाल्याला चहा देतात. तर तो निकाल आता आमच्या फ्रीजवर आहे, मारुतीच्या फोटोच्या शेजारी. चिऊला रविवारी एक तास हक्काचा.

आणि या सगळ्यात तिला हवं तरी काय गायला? इथेच मूळ गोष्ट येते. ती मी फोनवर मुद्दाम सांगितली नाही, कारण रांगेत उभे असलेले सगळे नाराज होणार आहेत.

इथे श्टुटगार्टकडे एक 'केर-आठवडा' नावाची पद्धत आहे. पाळीपाळीने एकेका बिऱ्हाडाने जिना, दार, फाटकासमोरचा रस्ता झाडायचा. ज्याची पाळी, त्याच्या दारावर पाटी येऊन लटकते. म्हणे १४९२ सालच्या इथल्या शहराच्या कायद्यापासून हे चालू आहे. कोलंबस जहाजात बसत होता तेव्हा हे लोक अंगण झाडत होते. बाकीचे परदेशी वैतागतात. मी इंदूरचा, मला झाडूचं काय! २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर आणलेल्या गावाचा माणूस. इथे कचऱ्याचे चार प्रकार आहेत हे शेजाऱ्याने मला पहिल्या आठवड्यात फार गंभीरपणे समजावून सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, आमच्याकडे सहा.

तर गेल्या शनिवारी मी वरून झाडत येतोय आणि चिऊ पुढे सुपली घेऊन. आमचा जिना दगडी आहे, उंच, मधोमध पोकळ. तिथे टाळी वाजवली तरी वरपर्यंत जाते. आणि पोरीने सूर लावला. मी ऐकत राहिलो. ओळखीचं होतं, पण कुठलं ते कळेना. नाट्यगीत नाही, भजन नाही, शाळेतलं नाही. तिने ते इतकं सावकाश धरलं होतं, एकेका अक्षरावर थांबून, खालच्या पायरीवरून वरच्या जिन्यात सोडून परत येऊ देत, की दोन ओळी होईपर्यंत मला पत्ता लागला नाही. आई, ते आपल्या कचरागाडीचं गाणं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती सहा आठवडे तुमच्याकडे होती ना? रोज सकाळी सातच्या सुमाराला गाडी वाजत आली की ही अर्धवट झोपेत गॅलरीत पळायची. आम्हाला वाटायचं, गाडी बघायला. तू म्हणायचीस, पोरीला स्वच्छतेची आवड आहे. ती ऐकायला जात होती. गाडी बडवाली चौकीकडून येताना गाणं कसं लहान असतं, कोपऱ्यावर वळताना कसं चढतं, दारात कसं फाटतं आणि पुढे जाताना सूर कसा खाली उतरतो, हे सगळं तिने मला करून दाखवलं. तो उतरणारा सूरसुद्धा तिने गाण्याचाच भाग म्हणून पाठ केलाय. सहा आठवडे, रोज, बिनचूक वेळेवर. आत्याने तिला सारेगम दोनदा दिला. महानगरपालिकेने बेचाळीस वेळा.

मी झाडू घेऊन पायरीवर बसलो. खाली सुपली, तिच्यात तीन पानं आणि एक बसचं तिकीट. डोळ्यांपुढे काय यावं? आपली गॅलरी, कठड्यावर वाळत टाकलेला बाबांचा पंचा, आईची "ओला निळ्यात नाही, हिरव्यात" म्हणून हाक, आणि समोरच्या घरातून फोडणीचा वास. सहा वर्षांत इथे मी लताबाईंची गाणी ऐकली, कुमार गंधर्वांची ऐकली, दिवाळीत पहाटेचं अभ्यंगसुद्धा बाथरूमच्या हीटरसमोर उभं राहून केलं. डोळे कोरडे ठणठणीत. आणि रडवलं कोणी, तर कचरागाडीने. चिऊ म्हणाली, "बाबा, धूळ गेली का?" मी हो म्हटलं.

तेवढ्यात खालच्या आजी दार उघडून उभ्या. म्हटलं, तिसरी चिठ्ठी. त्यांनी विचारलं, "हे तुमचं प्रार्थनागीत आहे का?" मी खोटं बोललो नाही. अर्थ सांगितला: शहर स्वच्छ ठेवा, आमचं शहर पहिलं आलंय, ते पहिलंच राहिलं पाहिजे, अशा आशयाचं आहे, आणि आमच्याकडे हे रोज सकाळी दारोदार वाजतं. आजींनी छातीवर हात ठेवला. म्हणाल्या, भारताबद्दल त्यांनी आजवर ताजमहाल आणि योग एवढंच ऐकलं होतं, ही बाजू कोणी सांगितलीच नाही. सोमवारी त्यांनी सफरचंदाचा केक आणून दिला. चिठ्ठ्या बंद. चिऊला मात्र बजावलंय, की केकसाठी गायचं नाही.

आता हे वाचून बाबा नाक मुरडतील. कचरागाडी हा काय गुरू? पण मला सारखी देवासची आठवण येते. आपण सहलीला टेकडीवर गेलो होतो तेव्हा तुम्ही लांबूनच कुमारांचं घर दाखवलं होतं. १९४८ साली ते क्षयाने खंगून तिथे आले, कोरडी हवा म्हणून. गाणं बंद, बोलणंसुद्धा बेतानं. काही वर्षं पडून राहिले. आणि खाटेवर पडल्या पडल्या बाहेरून जाणाऱ्या बायकांची गाणी ऐकत राहिले, माळव्याची, लग्नातली, सणातली, भिक्षेकऱ्यांची. उठले तेव्हा ती सगळी त्यांच्या गाण्यात आली. रस्त्यावरून येणारा सूर कोणाच्या कानात कुठे जाऊन बसेल, काय सांगावं? त्यांच्या वडिलांनाही असाच धक्का बसला होता म्हणतात. सिद्धरामय्या स्वतः गाणारे, बेळगावजवळच्या सुळेभावीचे, आणि पोरगा सहा-सात वर्षांचा होईपर्यंत गाण्याचं नाव नाही; मग एक दिवस एकदम मोठ्या गवयासारखा गायला लागला. फरक एवढाच, की त्यांना निदान पोरगा काय गातोय ते ओळखू तरी आलं. ही तुलना कृपा करून नानांना सांगू नका. ते उद्या देवासला बस करून जातील आणि तिथे सांगून येतील.

शिकवायचं म्हणून मी इथे एका खासगी शिक्षिकेकडे चौकशी केली. अर्ध्या तासाचे अडतीस युरो. बाबा, बसून घ्या. म्हणजे तीन हजार नऊशे रुपये. वीसची प्लेट धरली तर एकशे पंच्याण्णव प्लेट पोहे. अर्ध्या तासात! त्यातली पाच मिनिटं कोट काढण्यात आणि पाच घालण्यात जातात, म्हणजे पासष्ट प्लेटचा नुसता कोटच. मी शिक्षिकेला विचारलं, दोन मुलं एकदम आणली तर काही कमी? तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी सराफ्यात सोन्याच्या दुकानात वजनावर कोथिंबीर मागितली असावी. तूर्त शाळेतलं समूहगान फुकट आहे, तेच चालू. आत्याने आठवड्यातून एकदा फोनवर शिकवायचं कबूल केलंय. साडेचार तासांचं अंतर आहे, तेव्हा इथले तीन म्हणजे तिचे साडेसात. मालिका बुडेल हे तिला समजलंय ना, एकदा विचारून घ्या.

फराळाचं पार्सल मिळालं. म्हणजे मिळालं असं म्हणायचं. आधी कागद आला, की जकातीच्या कचेरीत स्वतः येऊन उघडून दाखवा. भेटीदाखल आलेल्या वस्तूंना पंचेचाळीस युरोपर्यंत माफी असते, आणि किमतीच्या रकान्यात बाबांनी लिहिलं होतं 'घरचंच आहे'. साहेबाने तो शब्द फोनवर भाषांतर करून पाहिला आणि त्याला आला 'घर'. त्याला वाटलं, घराची किंमत लपवतोय. मग जिरावनची पुडी निघाली. तपकिरी पूड, सहा गाठी मारलेली प्लॅस्टिकची पिशवी, वर आईच्या अक्षरात 'जपून'. त्याने उघडून वास घेतला आणि सात वेळा शिंकला. हे कशासाठी? पोह्यांवर. पोहे म्हणजे? चपटा केलेला भात. चपटा का केला? या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. दुधाचे पदार्थ बाहेरून टपालाने आणायला इथे बंदी आहे. लवंगी शेव सुटली, चकली सुटली, खजराण्याच्या गणपतीचे लाडू साजूक तुपाच्या वासाने अडकले. प्रसाद जर्मन सरकारजमा झाला आहे. बाप्पा त्यांचंही भलं करो. इलेक्ट्रॉनिक तानपुरा मात्र नीट पोचला. तो लावून ठेवला तर हीटरची तक्रार येत नाही, असं चिऊचं म्हणणं. दोघांचं जमतं.

तुमच्याकडच्या बातम्यांबद्दल. बाबा मेट्रोत बसून आले हे वाचून आनंद झाला. कुठे जायचं होतं, असं विचारलं तर "कुठेच नाही, बसून आलो" हे उत्तरही पटलं. आपल्या गावाने सहा किलोमीटरच्या रेल्वेचा याहून चांगला उपयोग केला नसता. सानंदच्या नाटकाला तुम्ही दुसऱ्या अंकात घोरलात हे आईने कळवलंय. पुढच्या वेळी कडेची खुर्ची घ्या. राऊच्या प्लॉटचं नानांच्या नादी लागून काही करू नका. शेजारच्या लग्नाला माझ्या नावाने एकशे एकच द्या, त्यांनी आपल्याला एकावन्न दिले होते, वहीत आहे. आणि सराफ्यात गराडू सुरू झालेत हे मला मुद्दाम फोटोसकट कळवायची काही गरज नव्हती. ते कढईतून काढून त्यावर लिंबू पिळतानाचा व्हिडिओ तर निव्वळ दुष्टपणा होता. आई, गुडघ्यावर तेल लावतेस का? खरं सांग.

आता जिना. पाटी दारावर लटकतेय आणि चिऊ सुपली घेऊन उभी आहे.

एक काम आहे. चिऊ म्हणते, गाडीचं गाणं आता बदललं असेल, तिला नवं हवंय. इंदूरला सात वाजतात तेव्हा इथे रात्रीचे अडीच, त्यामुळे थेट फोन नको, रेकॉर्ड करून पाठवा. बाबा, मोबाइल गॅलरीच्या कठड्यावर ठेवा, गाडी बडवाली चौकीकडून दिसली की सुरू करा, आणि ती कोपऱ्यावरून पार पुढे जाईपर्यंत बंद करू नका, उतरणारा सूर तिला पूर्ण हवाय. मध्ये बोलू नका. आणि बाबा, साथ करू नका.

तुमचा,
राजू

ता. क. : नानांनी डॉक्टरांची फी आगाऊ भरली असेल तर त्यांचाच घसा दाखवून या.